घरगुती शिवण, कापडाचें गाठोडें व पोथ्यांचीं बासनें
(येडशी येथील कांहीं निरीक्षणें)

(१) प्रास्ताविक

जुन्या पोथ्या व कागदपत्रें गोळा करणाऱ्या आम्हां मंडळींचा एक नेहमींचा परिपाठ आहे. गाठोडें हातीं आलें कीं प्रथम गांठ सोडावयाची, वरचें फडकें झटकून बाजूस टाकावयाचें आणि आंतल्या पानांकडे वळावयाचें. पानें मोजलीं जातात, त्यांची लांबीरुंदी घेतली जाते, अक्षराचें वळण, शाई, कागद व समाप्तीचा लेख या सर्वांची टिपणें होतात. फडक्याचें टिपण मात्र कोणी करीत नाहीं. वास्तविक तें फडकें कोणी तरी हातानें शिवलेलें असतें, व बहुधा घरांत जपून ठेविलेल्या जुन्या वस्त्रांतूनच शिवलेलें असतें.

ही चूक आमच्याहि हातून वर्षानुवर्षें घडत आली. एका ठिकाणीं मिळालेल्या पांच-सहा पोथ्यांचीं जुनीं बासनें आम्हीं स्वतः काढून टाकलीं व त्यांवर नवें तांबडें कापड बांधलें. त्या वेळीं आपण पोथ्यांवर उपकारच केला अशी आमची समजूत होती. पुढें येडशी येथें एका घरीं शिवलीलामृताची हस्तलिखित प्रत पाहण्यास गेलों असतां तोच उद्योग आम्ही तेथेंहि आरंभिला. तेव्हां घरांतील आजीबाईंनीं आमचा हात थांबविला. “पोथी उतरून घ्या, चित्रें घ्या, काय हवें तें करा; पण बासन सोडूं नका. तें माझ्या सासूबाईंच्या हातचें आहे,” असें त्या म्हणाल्या. “आजी, फाटलें आहे हो तें,” असें आम्हीं म्हटलें. त्यावर त्यांचें उत्तर असें: “फाटलें म्हणूनच तर आंतून दुसरें लावलें आहे. उलटून पाहा.” आम्हीं उलटून पाहिलें. तेथें जें दिसलें त्याचा वृत्तान्त पुढें सहाव्या कलमांत दिला आहे. तत्पूर्वीं अशीं वस्त्रें घरांत कशीं सांचत, त्यांपासून काय काय शिवलें जाई व त्याची रीति कोणती, हें सांगणें अवश्य आहे. कारण तें कळल्यावांचून बासनाची साक्ष वाचतां येत नाहीं.

आपल्या भाषेनें या फडक्याची आठवण आमच्यापेक्षां अधिक ठेविली आहे. दफ्तरखान्यांत कागदांच्या गठ्ठ्यास ‘रुमाल’ म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील कागदांची गणना रुमालांनींच होते. लांबणीवर पडलेलें काम ‘बासनांत गुंडाळलें जातें’. वेष्टनाचें नांव आंतील वस्तूस मिळालें, आणि वेष्टन मात्र विस्मृतींत गेलें.

(२) स्थळ व कापडाचा मार्ग

येडशी हें गांव धाराशिव जिल्ह्यांत बालाघाटाच्या डोंगररांगेंत असून रामलिंगाच्या देवस्थानामुळें यात्रेकरूंच्या परिचयाचें आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. पश्चिमेकडील बार्शी मात्र इंग्रजी अमलाखालील सोलापूर जिल्ह्यांत मोडत असे. दोहोंच्या दरम्यान निजामाच्या करोडगिरीची, म्हणजे जकातीची, हद्द होती. कुर्डुवाडी ते बार्शी ही अरुंद रुळांची लाईट रेल्वे १८९७ मध्यें सुरू झाली व येडशीवरून पुढें जाऊन १९११ मध्यें ती लातुरास पोंचली. ती अरुंद गाडी आतां नाहीं, तिच्या जागीं रुंद रूळ आले आहेत. परंतु या बाजूच्या घरांतील कापडाचा विचार करतांना ती विसरून चालत नाहीं. सोलापुरांत पहिली कापडगिरणी १८७७ मध्यें निघाली होती. तिकडचें व मुंबईकडचें गिरणी कापड या रेल्वेनें बालाघाटावर सुलभपणें चढूं लागलें, व हातमागाच्या लुगड्या-धोतरांच्या जोडीस तें घरोघर जाऊन बसलें.

मात्र कापड या मुलखास नवें नव्हे. येडशीहून फार दूर नसलेलें तेर हेंच प्राचीन तगर नगर होय, असें फ्लीट यांनीं १९०१ मध्यें प्रतिपादिलें व तें मत पुढें मान्य झालें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत तगराहून साधें जाडेंभरडें कापड, मलमलीचे प्रकार व इतर माल गाड्यांतून बिकट वाटांनीं भडोच बंदरास जात असल्याचा उल्लेख आहे. परदेशीं जाणाऱ्या मालाची नोंद अशी ग्रंथांत सांपडते. घरीं राहिलेल्या, अंगावर झिजलेल्या व पुन्हां शिवलेल्या कापडाची नोंद कोठें शोधावी, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

(३) गाठोडें

आजीबाईंच्या घरीं माळ्यावर एक मोठें गाठोडें होतें. त्यांनीं तें आमच्यासमोर सोडलें. त्यांत झिजलेलीं लुगडीं, धोतरांचे फाडलेले तुकडे, चोळीचे कोरे खण, परकराचे घेर, पदरांचे व कांठांचे पट्टे आणि निरनिराळ्या आकाराच्या चिंध्या होत्या. वरवर पाहणाऱ्यास हा केर वाटेल. त्यांच्या दृष्टीनें मात्र प्रत्येक तुकड्यास ठरलेलें काम होतें, व कोणता तुकडा कोणाच्या वस्त्राचा हेंहि त्यांस ठाऊक होतें.

असा संचय होण्याचीं कारणें तीन. पहिलें खणाचें. ओटी भरतांना, सणासमारंभास व लग्नकार्याच्या आहेरांत स्त्रियांस चोळीचा खण देण्याची चाल सर्वत्र आहे. तुळजापूर येथें भवानीची ओटीहि खणानेंच भरतात. आलेले सर्व खण शिवले जात नाहींत. कांहीं पुढच्या आहेरास जातात, कांहीं वर्षानुवर्षें घडीनें पडून राहतात. दुसरें कारण लुगड्याचें. नऊवारी लुगडें अंगाला घासणाऱ्या भागीं आधीं विरतें. कांठ व पदर टिकून राहतात. मग विरलेला भाग कापून उरलेले तुकडे जोडीत. या जोडास ‘दंड घालणें’ म्हणतात. दंड घातलेलें लुगडें आणखी कांहीं काळ चाले, व त्यानंतर गाठोड्यांत जाई. तिसरें कारण असें कीं, जुनें धुवट कापड नव्यापेक्षां मऊ असतें, व कांहीं कामांस मऊपणाच हवा असतो. बोहारीण दारावर येऊन जुन्या कपड्यांवर भांडीं देई; पण तिला काय द्यावयाचें व काय राखावयाचें याचा निवाडा घरची कर्ती बाई करी. जें मऊ तें घरीं राही.

वस्त्राचा असा शेवटपर्यंत उपयोग करणें हें केवळ दारिद्र्याचें लक्षण समजूं नये. विनयपिटकांतील चुल्लवग्गांत एक कथा आहे. राजा उदयनाच्या अंतःपुरांतून पांचशें वस्त्रें मिळालीं असतां आनंदास राजानें विचारलें कीं, इतक्या वस्त्रांचें तुम्ही काय करणार? आनंदानें क्रम सांगितला: ज्यांचीं चीवरें फाटलीं त्यांस नवीं देऊं, फाटलेल्या चीवरांचीं आच्छादनें करूं, मग गादीचे अभ्रे, मग जमिनीवरील पसरणीं, मग पायपुसणीं, मग झाडण्याचीं फडकीं, आणि शेवटीं तीं कुटून चिखलांत कालवून जमीन लिंपूं. हा क्रम व बालाघाटावरील गृहिणीचा क्रम यांत फारसें अंतर नाहीं.

(४) गाठोड्यांतून काय शिवलें जाई

पहिला मान तान्ह्या मुलाचा. त्याचीं बाळुतीं, लंगोट, पहिलें झबलें व दुपटें हीं आजोबांच्या धोतराचीं किंवा आजीच्या लुगड्याचीं करीत. नव्या कापडाची खळ व खरखरीतपणा कोंवळ्या कांतडीस सोसत नाहीं हें याचें व्यावहारिक कारण. वडीलधाऱ्यांच्या वस्त्रांत त्यांचा आशीर्वाद असतो ही त्यामागची भावना. पुढें बारशाच्या सुमारास बाळ-बाळंतिणीस आप्तेष्टांकडून जो आहेर येई त्यास ‘बाळंतविडा’ म्हणतात. त्यांत अंगडें, टोपडें, दुपटें यांच्याबरोबर खणाची कुंची असे. कुंची म्हणजे डोक्यावर टोपीप्रमाणें बसणारें व मागें पाठीवर झुलणारें मुलांचें वस्त्र. ओटींत आलेला व घडीनें पडून राहिलेला खण याच कामीं येई. म्हणजे एका घरचा आहेर गाठोड्यांत विसांवा घेऊन, शिवला जाऊन, दुसऱ्या घरीं आहेर म्हणूनच जाई.

पुरुषांसाठीं चंची व बटवा. चंचींत पान, सुपारी, कात, तंबाखू यांस वेगवेगळे कप्पे असतात व ती गुंडाळून दोरीनें बांधतात. कप्प्यांस अस्तर लागतें, व अस्तरास नेहमीं जुनें कापड. जपाची माळ ठेवण्याची गोमुखी, देवाच्या वस्त्रांची पिशवी, गादीवरील उशांचे अभ्रे हींहि याच वर्गांतलीं. संग्राहकांनीं लक्षांत ठेवावें कीं, यांपैकीं बटवा व चंची यांच्या कप्प्यांत घडी घातलेल्या चिठ्ठ्या, पावत्या व यंत्रांचे कागद मिळूं शकतात. त्या रिकाम्या समजून टाकूं नयेत.

(५) गोधडी

गाठोड्याचा सर्वांत मोठा वांटा गोधडीस जातो. कोठें हिला वाकळ म्हणतात. संस्कृतांत ठिगळांच्या वस्त्रास ‘कंथा’ हा शब्द आहे व बंगाल्यांत तो ‘कांथा’ या रूपानें अद्यापि चालतो. सुगी आटोपल्यावर व पाऊस लागण्यापूर्वीं जे मोकळे दिवस मिळतात ते या शिवणीचे.

रीति अशी. सारवलेल्या किंवा झाडून स्वच्छ केलेल्या जागीं एक लुगडें दुहेरी अंथरतात व चारी कोंपऱ्यांवर दगड ठेवून तें ताणून घेतात. त्यावर धोतरांचे व चिंध्यांचे थर देतात. कोठें उंचवटा वा खळगा राहूं नये अशा बेतानें तुकडे लावणें हेंच यांतील कसब होय. सर्वांवर दुसरें लुगडें किंवा जोडलेल्या तुकड्यांची वरची बाजू येते. मग बाहेरच्या कांठापासून धावदोरा घालीत आंत आंत जातात. चौकोनांत चौकोन अशा ओळी पडत शेवटीं मध्यावर शिवण मिटते. दोघी-तिघी बाया निरनिराळ्या बाजूंस बसल्या म्हणजे प्रत्येकीचा टाका निराळा पडतो: कोणाचा बारीक, कोणाचा लांब, कोणाचा किंचित् तिरपा. एका गोधडींत किती हात लागले हें टाक्यांवरून बरेंच ओळखतां येतें; ज्याप्रमाणें एका पोथींत लेखक बदलला तर अक्षरावरून कळतें त्याप्रमाणें.

गोधडी विरली कीं ती फाडून टाकीत नाहींत. तिच्यावर नवें आच्छादन घालून पुन्हां टाके देतात. यामुळें जुन्या गोधडीच्या पोटांत तिच्याहून जुनी गोधडी असते. घटस्थापनेपूर्वीं घरांतील सर्व अंथरुणें-पांघरुणें नदीवर वा विहिरीवर धुण्याची चाल मराठवाड्यांत कसोशीनें पाळतात. याच धुण्यांत विरलेली गोधडी बाद ठरते, म्हणून शोधकानें त्या सुमारास सावध असावें.

(६) बासन व येडशीची प्रत

आतां बासनाकडे येऊं. पोथीचें बासन म्हणजे चौरस किंवा लांबट फडकें. त्याच्या एका कोंपऱ्यास गुंडाळून बांधण्यासाठीं बंद शिवलेला असतो. आंतून अस्तर असतें. पोथीच्या वर-खालीं फळ्या असल्या तर त्या बासनाच्या आंत येतात, व वेखंडाची पुरचुंडी कसरीच्या बंदोबस्तास ठेवितात. जुनें कापड यास पसंत करण्याचें शास्त्रीय कारण आहे. नव्या कापडांत खळ असते आणि खळीवर किडा येतो. वारंवार धुतलेल्या सुताची खळ गेलेली असते, त्याचा सुटा रंगहि निघून गेलेला असतो, व तें दमट हवेंत पानांस चिकटत नाहीं. आजचे हस्तलिखित-रक्षकहि खळ काढलेलें, धुतलेलें, बिनरंगी सुती कापडच वापरण्यास सांगतात. आम्हीं बांधलेलें नवें तांबडें कापड या कसोटीस उतरत नाहीं, हें आम्हांस मागाहून कळलें.

येडशीच्या प्रतीस लेखनकाळ दिलेला नाहीं. श्रीधराचें शिवलीलामृत शके १६४०, म्हणजे इ. स. १७१८ मध्यें पूर्ण झालें. तेव्हां प्रत त्यानंतरची एवढेंच निश्चित. घरांत ‘पोथी व बासन दोन्ही पेशवाईंतलीं’ अशी समजूत आहे. बासनाची बाहेरची बाजू निळसर लुगड्याची असून मध्यें दंड आहे. अस्तर मांजरपाटासारख्या पांढऱ्या गिरणी कापडाचें आहे, व त्याच्या कडेस पुसट छाप दिसतो: एक इंग्रजी आंकडा व त्यापुढें यार्डाची खूण. हिंदुस्थानांत १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्यानें ताग्याची लांबी इंग्रजी आंकड्यांत यार्डांनीं छापणें आवश्यक झालें. यावरून हें अस्तर त्यापूर्वींचें नसावें असें मानण्यास आधार मिळतो. म्हणजे बासन पेशवाईंतलें नव्हे.

परंतु येथेंच थांबलों असतों तर आम्ही दुसरी चूक केली असती. पोथीच्या पहिल्या व शेवटच्या कांहीं पानांच्या कडांस तांबूस डाग आहेत. सध्यांच्या बासनांत वरून कोठेंहि तांबडें कापड दिसत नाहीं. आजीबाईंच्या सांगण्यावरून एका कोंपऱ्याशीं उसवलेल्या जागेंतून आम्हीं आंत पाहिलें. तेव्हां लुगडें व अस्तर यांच्या मध्यें तिसरा थर आढळला. तो जुन्या, विरलेल्या तांबड्या कापडाचा असून त्याच्या एका कडेस तुटक्या बंदाचा बुंधा अद्यापि शिवलेला आहे. म्हणजे हें पूर्वींचें बासन होय. सासूबाईंनीं तें टाकलें नाहीं; नव्याच्या पोटांत घालून शिवलें. पानांवरील तांबूस डाग त्याचेच असावेत असें आमचें अनुमान आहे. पोथीच्या दोन पिढ्यांची निगा अशा रीतीनें एका फडक्यांत राहिली आहे. ज्या पांच-सहा पोथ्यांचीं बासनें आम्हीं टाकलीं, त्यांच्या पोटांत काय होतें हें आतां कधींहि कळणार नाहीं.

कापड हेंच ग्रंथाचें पान झाल्याचेंहि उदाहरण याच बाजूस आहे. दासोपंतांनीं ‘पंचीकरण’ हा ग्रंथ सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा पासोडीवर लिहिला. ती अंबेजोगाई येथें जतन केली आहे. पासोडी म्हणजे थंडींत पांघरावयाचें जाड सुती वस्त्र. तिच्यावर अक्षरें आहेत म्हणून आपण तिला वंदन करतों. अक्षरें नसलेल्या वस्त्राकडेहि निदान पाहावें, एवढेंच आमचें म्हणणें.

(७) काळनिर्णयाचे नियम

वरील अनुभवावरून व इतर वस्त्रें पाहून आम्हीं पुढील नियम बसविले आहेत.

पहिला: वस्तूचा काळ तिच्यांतील सर्वांत नव्या तुकड्याच्या पूर्वींचा असूं शकत नाहीं. मात्र मागाहून लावलेलें ठिगळ व मूळची शिवण वेगळी ओळखावी.

दुसरा: कापडाचा काळ तो शिवणीचा काळ नव्हे. गाठोड्यांत खण वा लुगडें वीस-तीस वर्षें सहज पडून राहतें. म्हणून छापावरून मिळते ती केवळ अलीकडची मर्यादा नसून पलीकडची, म्हणजे ‘याच्या पूर्वीं नव्हे’ अशी. यार्डाच्या छापाची जागा १९५६ च्या मापांच्या कायद्यानंतर हळूहळू मीटरनें घेतली. पण यार्डाच्या छापाचें जुनें कापड पुढें कधींहि शिवलें गेलें असेल.

तिसरा: रंगावरून सावधपणें बोलावें. कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्यें निघाला, मंजिष्ठेच्या तांबड्याचें कृत्रिम रूप १८६९ पासून बाजारांत आलें व कृत्रिम नीळ १८९७ मध्यें आली. भडक जांभळा वा गुलाबी दिसला तर तो बहुधा त्यानंतरचा. पण तांबडा व निळा नुसत्या डोळ्यांनीं नैसर्गिक कीं कृत्रिम हें ठरत नाहीं.

चौथा: दोरा व टाका पाहावा. यंत्राच्या शिवणींत दोन्ही बाजूंस अखंड सारखी रेघ दिसते. हाताच्या धावदोऱ्यांत टाका व रिकामी जागा आळीपाळीनें येतात. टेरिलीनचा शोध १९४१ चा. तेव्हां न कुजणारा, चकाकणारा कृत्रिम धागा आढळल्यास ती दुरुस्ती त्यानंतरची समजावी.

पांचवा: बासनाच्या काळावरून पोथीचा काळ ठरवूं नये, व पोथीच्या काळावरून बासनाचा ठरवूं नये. दोहोंचीं टिपणें स्वतंत्र ठेवावीं.

(८) संग्राहकांस विनंति

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील दगडमातीचीं घरें कोसळलीं व सहस्रावधि माणसें दगावलीं. मनुष्यहानीपुढें वस्तूंचा शोक करणें अनुचित होय. तथापि ज्या घरांत माळे व कोनाडे होते, तशीं घरें त्यानंतर या बाजूस उत्तरोत्तर कमी होत गेलीं, व माळा गेला म्हणजे गाठोड्यासहि जागा उरत नाहीं.

म्हणून विनंति अशी कीं, पोथी मिळेल तेथें बासन सोडण्यापूर्वीं त्याचें चित्र घ्यावें. बासन धुऊं नये, इस्त्री करूं नये, शिवण उसवूं नये. उसवलेलें असेल तेथूनच आंत पाहावें. नवें वेष्टन घालणें भाग पडल्यास जुनें धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडांत गुंडाळून, पोथीचाच क्रमांक घालून, तिच्याजवळ ठेवावें. घरांत लग्नाच्या आहेराच्या याद्या असतील तर त्यांतील लुगडीं व खण गाठोड्यांतील वस्त्रांशीं ताडून पाहावे.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, शिवणारीचें नांव विचारावें. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें, आपल्या बापाचें व गांवाचें नांव लिहितो; तें आपण आदरानें छापतों. बासन शिवणारीस नांव लिहिण्यास जागा नव्हती. तें नांव आज केवळ तिच्या सुनेच्या किंवा नातीच्या स्मरणांत आहे. येडशीच्या आजीबाईंनीं आपल्या सासूबाईंचें नांव आम्हांस सांगितलें. घरच्यांच्या इच्छेस मान देऊन तें येथें छापलें नाहीं, पण प्रतीच्या टिपणांत लेखकाच्या रकान्याखालीं ‘बासन शिवणार’ असा नवा रकाना आंखून आम्हीं तें नोंदविलें आहे.